लवचीकतेचा आग्रह मी का सोडला

शरीर लवचीक असेल तर ते निरोगी असतं, आणि लवचीक ठेवायचं तर त्याला रोज ताण द्यावा लागतो, या एका श्रद्धेवर मी क्रीडाशिक्षक म्हणून सगळी नोकरी केली. पाचवीतलं लेकरू असो, पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा असो, मोंढ्यातला हमाल असो की गुडघे धरून बसलेली आजी, माझ्याकडे सगळ्यांना एकच औषध होतं: स्ट्रेचिंग. पाय सरळ, गुडघा न वाकवता हाताची बोटं पायाच्या अंगठ्याला, आणि तीसपर्यंत आकडे. निवृत्तीनंतरही सकाळी मैदानावर जो कुणी विचारेल त्याला मी हेच सांगत आलो. आता सांगत नाही. हे का बदललं ते लिहून ठेवावंसं वाटतं, कारण माझ्याकडून शिकलेले कितीतरी जण आज वसमत तालुक्यात स्वतः शिक्षक आहेत, आईबाप आहेत, आणि मी जे दिलं तेच ते पुढे देताहेत.

मी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो. १९१४ साली वैद्य बंधूंनी उभी केलेली ही संस्था. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिचं पथक जर्मनीत जाऊन मल्लखांब, कबड्डी असे आपले देशी खेळ दाखवून आलं होतं. तिथल्या आखाड्यात मल्लखांबावरची मुलं पाहिली की डोळ्यांचं पारणं फिटायचं. कंबर कमानीसारखी वळलेली, पाय डोक्यावरून पुढे आलेले, आणि चेहऱ्यावर श्रमाची खूण नाही. मला त्यात लवचीकता दिसली. ती कमान ज्या पकडीच्या, दंडांच्या आणि पोटाच्या ताकदीवर हवेत टिकायची, त्या ताकदीकडे माझं लक्ष गेलं नाही. शिकवणाऱ्यांनी दोन्ही शिकवलं होतं. मी एक उचललं.

नोकरीत तेच सोयीचंही पडलं. वर्ग मोठा, साहित्य थोडं. स्ट्रेचिंगला काही लागत नाही. एका शिट्टीवर सगळा वर्ग वाकतो, कुणी पडत नाही, कुणाला लागत नाही. शिवाय ज्या दिवशी एखाद्या मुलाचा हात पहिल्यांदा अंगठ्याला पोचतो, त्या दिवशी त्याची प्रगती त्याला आणि शिक्षकाला दोघांनाही डोळ्यांनी दिसते. ताकद अशी चटकन दिसत नाही.

भरतीच्या पोरांनी मला पहिल्यांदा विचारात पाडलं. नांदेड रोडला किंवा औंढा रोडला पहाटे गेलात तर अंधारात पळणारी पोरं दिसतात, हल्ली पोरीही दिसतात. घरची शेती थोडी, ती पावसाच्या भरवशावर, म्हणून वर्दी हे घराघरातलं स्वप्न. पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात: मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५, गोळाफेकीचे १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. शंभर मीटरमध्ये सेकंदभर मागे पडलं तरी गुण खाली येतात आणि यादीतलं नाव कितीतरी खाली जातं. या पोरांना मी थंडीत, अंग गरम होण्याआधी, जमिनीवर बसवून दहा-दहा मिनिटं ताण द्यायला लावत असे. एक जुना विद्यार्थी भरती होऊन प्रशिक्षणाला गेला आणि सुट्टीत भेटायला आला. तो म्हणाला, "सर, तिथं आधी बसून ताणू देत नाहीत. आधी हळू पळवतात, मग गुडघे वर, मग उड्या. ताण शेवटी."

मला ते पटलं नाही. पण पोराचं म्हणणं डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला घेतलं. माझ्या पुतण्यानं इंग्रजीतले शोधनिबंध काढून दिले, आम्ही दोघांनी बसून ते वाचले. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात दाखल झालेल्या १,५३८ जवानांचे गट करून १२ आठवडे पाहणी केली होती. काही गटांनी कवायतीआधी पायांच्या स्नायूंना ताण दिला, काहींनी दिला नाही. २००० साली निष्कर्ष छापून आला: पायांच्या दुखापतींमध्ये दखल घेण्याजोगा फरक नाही. मी मुलांना सांगायचो की ताण दिला नाहीत तर उद्या अंग दुखेल. त्यावरही अभ्यास झालेले होते. २०११ साली अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला, तेव्हा अंगदुखीतला फरक शंभरात सरासरी एखाद्या गुणाएवढा भरला. म्हणजे ज्याला तो फरक पडला त्यालाही तो जाणवणार नाही. २०१६च्या आणखी एका आढाव्यात तर असं दिसलं की एका जागी स्थिर राहून ताण दिल्यानंतर लगेच केलेल्या कामगिरीत सरासरी ३.७ टक्के घट होते. ताण एकेका स्नायूला मिनिटभरापेक्षा कमी असेल तर घट एक टक्क्याच्या आसपास, जास्त असेल तर साडेचार टक्क्यांच्या घरात. माझी पोरं तर एकेका पायाला दोन-दोन मिनिटं देत होती, आणि लगेच शंभर मीटरच्या रेषेवर उभी राहत होती.

सगळ्यात खोल गेला तो २०१४चा अभ्यास. पंचवीस प्रयोग, २६,६१० माणसं. दुखापत कशानं टळते एवढाच प्रश्न. स्ट्रेचिंगनं टळत नाही असं उत्तर आलं. तोल साधण्याच्या सरावानं दुखापती जवळपास निम्म्या झाल्या, आणि ताकदीच्या व्यायामानं एक तृतीयांशापेक्षाही खाली आल्या. मी जे जन्मभर आधी ठेवलं ते शेवटी होतं, आणि जे वेळ उरला तर घ्यायचं म्हणून ठेवलं होतं ते पहिलं.

ताण देऊन हात अंगठ्याला पोचतो तो का, हेही याच वाचनात कळलं. मला वाटायचं स्नायू रबरासारखा लांब होतो. तपासणीत दिसतं ते असं की काही आठवड्यांच्या सरावानं स्नायूच्या लांबीत फारसा बदल होत नाही; ताणाची कळ सोसायची मज्जासंस्थेला सवय होते, म्हणून माणूस आणखी थोडा वाकू शकतो. हेही काही कमी नाही. पण "स्नायू मोकळे झाले, आता धोका नाही" असं जे मी सांगत होतो, त्याला आधार नव्हता. २०२१ साली आणखी एक तुलना प्रसिद्ध झाली: सांधा पूर्ण वाकवून-उघडून केलेल्या ताकदीच्या व्यायामानं लवचीकता जवळजवळ तेवढीच वाढते, जेवढी स्ट्रेचिंगनं. म्हणजे तालमीतली खोल बैठक मारणाऱ्याला ताकद मिळतेच, लवचीकताही मिळते. फक्त ताण देणाऱ्याला एकच मिळतं.

तरीही एवढ्यानं माझं मन पुरतं बदललं नसतं. भरतीची पोरं तरुण असतात, त्यांचं काहीही केलं तरी निभावतं. मन बदललं ते आईच्या आजारपणात.

आई पंचाहत्तरीच्या पुढची. आयुष्यभर वावरात राबलेली, जमिनीवर मांडी घालून भाकरी करणारी, चुलीपुढून हात न टेकता उठणारी. तिला न्यूमोनिया झाला. नांदेडला दवाखान्यात काही दिवस, मग घरी. घरी आल्यावर आम्ही सगळ्यांनी तिची फार काळजी घेतली. पाणी हातात, जेवण हातात, पांघरूण अंगावर. मी रोज तिचे पाय हातात घेऊन हळूहळू ताण देत होतो, टाच वर-खाली, गुडघा छातीकडे. पाय छान वाकत होते. पण तिला खाटेवरून उठवायला दोन माणसं लागायला लागली, आणि मला कळेना की सांधे इतके मोकळे असताना ही उभी का राहत नाही.

शेवटी एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी येऊ लागली. तिनं आईचा गुडघा वाकवून पाहिला, घोटा पाहिला, मग मांडीवर दोन्ही हातांची बोटं लपेटली आणि मला दाखवलं. बोटं जवळजवळ एकमेकांना भेटत होती. म्हणाली, "सर, आजींचे स्नायू आखडलेले नाहीत. ते झिजलेत." मग तिनं खाटेखाली चारी पायांना विटा लावायला सांगितल्या, म्हणजे बसायची जागा उंच होईल. आईला कडेला बसवलं, पाय जमिनीवर नीट टेकवले, हात छातीशी घ्यायला सांगितले आणि म्हणाली, "आजी, नाकाची शेंडी पायाच्या बोटांवर आणा, आणि उठा." आई निम्म्यात उठली आणि बसली. पुन्हा उठली, बसली. तिचे पाय थरथरत होते. मी पुढे झालो, तर त्या मुलीनं मला हातानंच थांबवलं. पुढच्या खेपेला आई उभी राहिली. खाटेची कड धरून, पण स्वतःच्या पायांवर.

त्यानंतर रोज तेच. उठा, बसा. थोडं जमलं की एक वीट काढायची, खाट खाली यायची, काम अवघड व्हायचं. एका हातात पाण्याची भरलेली बाटली आली, मग दोन्ही हातांत. ओट्याला धरून टाचा उचलणं. ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं. मी याला आतून विरोध करत होतो. या वयात जोर लावला तर काहीतरी तुटेल, हीच धास्ती. पण आई अंगणात गेली, मग गल्लीच्या टोकापर्यंत गेली, आणि पुढच्या आषाढीला गावातल्या मंदिरात हरिपाठाला जमिनीवर बसून उठली.

मग मी त्या विषयावर मिळेल ते वाचलं. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. वयाच्या तीस वर्षांनी त्यांच्या शरीराची श्रम करण्याची क्षमता जेवढी घटवली होती, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्यानं घटली होती. विशीतल्या पोरांचं हे, तर पंचाहत्तरीच्या बाईचं काय होत असेल? आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला "पडून राहा" म्हणणं हे प्रेम समजतात. मीही समजत होतो.

दुसरा अभ्यास बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातला, १९९० साली छापलेला. सरासरी वय ९०. दहा जण स्वखुशीनं तयार झाले. आठ आठवडे त्यांच्याकडून पायांचा वजन घेऊन व्यायाम करवला, तोही हलका नाही, चांगला जड. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. नव्वदीत स्नायू वाढतो, हे वाचून मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. मी ज्या ज्या आजीला खुर्चीत बसवून मान वळवा, मनगट फिरवा एवढंच सांगितलं, त्या सगळ्या डोळ्यांपुढे आल्या. पडण्याबद्दलचा पुरावा तर आणखी भक्कम आहे. २०१९ साली शंभराहून जास्त प्रयोग एकत्र करून पाहिलं, तर व्यायामानं वृद्धांचं पडणं २३ टक्क्यांनी कमी होतं असं दिसलं, आणि त्यात मुख्य वाटा तोल साधण्याच्या व रोजच्या हालचालींच्या सरावाचा.

आता आपल्या वसमतकडे पाहा. हळद निघायच्या दिवसांत वावरात जाऊन बघा. बाया सकाळपासून उकिडव्या बसलेल्या असतात, उकरलेला गड्डा हातात घ्यायचा, माती झटकायची, जेठा गड्डा वेगळा, हळकुंडं वेगळी, आणि बसल्या बसल्याच पुढे सरकायचं. साठीच्या बाईचीही टाच जमिनीवर सपाट, गुडघे काखेपर्यंत. शहरातला तरुण या बैठकीत दोन मिनिटं टिकणार नाही. या बायांना मी कुठलं स्ट्रेचिंग शिकवणार होतो? सांध्याची लवचीकता त्यांच्याकडे माझ्याहून जास्त आहे. त्यांच्याकडे कमी असतं ते उभं राहताना लागणारं मांडीचं बळ, पाठीचं बळ, आणि विसावा.

ब्राझीलच्या क्लॉडियो अराउजो या डॉक्टरांनी ५१ ते ८० वयाच्या २,००२ जणांना एकच गोष्ट करायला सांगितली: जमिनीवर बसा आणि उठा, शक्यतो कशाचाही आधार न घेता. हात टेकला एक गुण कमी, गुडघा टेकला एक गुण कमी, दहापैकी गुण. सहाएक वर्षांच्या पाठपुराव्यात ज्यांना तीन किंवा त्याहून कमी गुण होते, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण आठ ते दहा गुणवाल्यांच्या पाच-सहा पट निघालं. जमिनीवरून न उठता येणं हे मरणाचं कारण आहे असा याचा अर्थ नाही. शरीरातलं बळ, तोल आणि वाकणं एकत्र किती शिल्लक आहे, ते या एका कृतीतून दिसतं. आपल्या घरांत ही परीक्षा रोज चार वेळा व्हायची. आता जेवण टेबलावर, पंगती खुर्चीवर, संडास कमोडचा, देवापुढेही स्टूल. गुडघेदुखी असेल त्याला खुर्ची द्यायलाच हवी, त्यात वाद नाही. तासन्‌तास उकिडवं बसणंही गुडघ्यांना सोसत नाही. बीजिंगमधल्या वृद्धांच्या पाहणीत तरुणपणी फार वेळ उकिडवं बसणाऱ्यांमध्ये गुडघ्याची झीज जास्त दिसली होती. पण धडधाकट पन्नाशीची माणसं निव्वळ ऐपत आली म्हणून जमीन सोडतात, आणि दहा वर्षांत जमिनीवरून उठणं त्यांच्या हातून जातं. हे मी गल्लीत एकामागून एक घरात पाहतो आहे.

आता हमालांबद्दल, कारण माझं सगळ्यात जास्त अज्ञान तिथं होतं.

वसमतचा मोंढा हळदीचा. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेलेला, आणि त्यात हळदीचे कट्टे गाडीवरून खाली, काट्यावर, काट्यावरून थप्पीला. एका संस्थेनं हमालांसाठी आरोग्य शिबिर घेतलं आणि मला बोलावलं. मी पाठ, कंबर, खांदे यांचे ताण दाखवले. आणि भाषणात म्हणालो की तुमचा व्यायाम तर रोज होतोच, फक्त थोडं स्ट्रेचिंग जोडा. माझं खरंच तेच मत होतं: राबणाऱ्याला व्यायामाची गरज नाही. शिबिर संपल्यावर एक पिकल्या मिशांचे हमाल जवळ आले. "सर, तुम्ही पाठ ताणायला सांगायलेत. पण पाठीला सुट्टी कोण देणार?" मी काहीतरी उत्तर दिलं. ते उत्तर आता आठवतही नाही. त्यांचा प्रश्न आठवतो.

त्या प्रश्नाला विज्ञानात जागा आहे, हे मला पुढे कळलं. श्रमाचा आणि हृदयाचा संबंध पहिल्यांदा ठसठशीतपणे दाखवला तो लंडनच्या डॉ. जेरी मॉरिस यांनी, १९५३ साली. दुमजली बसचे ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढत-उतरत. कंडक्टरांना हृदयविकार कमी. तेव्हापासून जगाची समजूत झाली की कष्ट करणारा सुरक्षित. पण पुढच्या अभ्यासांनी त्यात मोठा फरक दाखवला. २०१८ साली बऱ्याच देशांतल्या पाहण्या एकत्र केल्या, तेव्हा फार अंगमेहनतीची नोकरी करणाऱ्या पुरुषांमध्ये लवकर मृत्यूचा धोका बैठ्या कामातल्या पुरुषांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त दिसला. २०२१ साली कोपनहेगनमधल्या १,०४,०४६ जणांच्या पाहणीतही तेच: फावल्या वेळात चालणं, सायकल, खेळ यानं धोका घटतो, कामावरच्या जड श्रमानं घटत नाही, वाढलेला दिसतो. गरिबी, बिडी-तंबाखू, अपुरं जेवण यांचा वाटा यात असणारच, आणि संशोधकांनी तो बाजूला काढण्याचा प्रयत्न केला तरी तो पुरता निघत नाही. तरी कारण समजण्यासारखं आहे. व्यायामात अर्धा-पाऊण तास नाडी वाढते, मग शरीर विसावतं आणि त्या विसाव्यात घट्ट होतं. हमालीत आठ-दहा तास नाडी आणि रक्तदाब चढेच राहतात, ओझं एकाच बाजूला, एकाच पद्धतीनं, दम लागला तरी थांबायचं स्वातंत्र्य नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. मॉरिसचा कंडक्टर जिना चढायचा, उतरायचा, उभा राहायचा. त्याच्या पाठीवर पोतं नव्हतं.

म्हणून आज मी हमालांपुढे पहिली गोष्ट शरीराची बोलत नाही, कामाची बोलतो. पोतं ५० किलोच्या वर नको, ही मागणी बाबा आढाव आणि हमाल पंचायत यांनी वर्षानुवर्षं लावून धरली. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदाही झाला. माझ्यासारखा व्यायामाचा माणूस त्या लढ्याला राजकारण समजून बाजूला राहिला. आता मला वाटतं, तो आरोग्याचाच कार्यक्रम होता. सावली, थंड पाणी, दोन खेपांत विसावा, चाकाची गाडी, आणि आठवड्यातली खरी सुट्टी, हे पाठीचे पहिले उपचार. व्यायामाची वेळ त्यानंतर येते, आणि ती हंगाम नसतानाच्या दिवसांत येते. हळदीची आवक थांबली की हमालांच्या हाताला काम कमी होतं, शरीर उतरतं, आणि पुढच्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी पूर्ण ओझं अंगावर पडतं. रिकाम्या दिवसांत आठवड्यातून दोनदा बैठका, पाठीचे आणि पोटाचे व्यायाम करून शरीर तयार ठेवलं, तर तो धक्का कमी बसेल असं मला वाटतं.

बायांचं दुखणं आणखी वेगळं आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार भारतात जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुष ४२ टक्के, बाया ५७ टक्के. आणि त्याआधी, महाराष्ट्र धरून चार भागांत झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत फावल्या वेळात व्यायाम किंवा खेळ असं काही करणारे दहा टक्क्यांहूनही कमी होते. आपल्याकडच्या मुलीचा खेळ सातवी-आठवीत सुटतो. मग थेट बाळंतपण, शेतकाम, घरकाम. खेळ म्हणून, हौस म्हणून, दमल्यावर थांबता येईल अशी हालचाल तिच्या आयुष्यात पुन्हा येतच नाही. ज्या वयात हाडं भरतात त्याच वयात तिला मैदानावरून घरी बोलावलं जातं, आणि साठीत खुब्याचं हाड मोडलं की आपण नशिबाला बोल लावतो. शाळेत असताना मी मुलींच्या पालकांशी याबद्दल जोरानं बोललो नाही. मुली रांगेत उभ्या राहून ताण देताना कुणाची हरकत नव्हती, आणि मी तेवढ्यावर समाधान मानलं.

लहान मुलांना ताण द्यायला लावणं मी जवळजवळ थांबवलं आहे. त्यांची अंगं मुळातच लवचीक असतात. त्यांना लंगडी, खो-खो, दोरीउडी, लटकणं, ढकलणं, चढणं हवं. दिवसाला सरासरी तासभर दम लागेल असं खेळणं, हे जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलं आहे. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या मुलींच्या फुटबॉल संघांना पळणं, उडी मारून नीट उतरणं, तोल आणि ताकद यांचा वीसेक मिनिटांचा सराव दिला, तर दुखापती सुमारे तृतीयांशानं घटल्या. त्या सरावाला मैदान आणि चेंडू यांच्यापलीकडे काही लागत नाही. आपल्या कबड्डीच्या पोरींना तो तसाच चालेल.

स्ट्रेचिंग टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही, आणि कुणी तसं समजू नये. मधुमेहानं खांदा जखडलेल्या माणसाला, दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेल्याला, ट्रॅक्टरवर बसून कंबर आखडलेल्याला ते हवंच. अराउजो यांच्याच २०२४च्या अभ्यासात ४६ ते ६५ वयाच्या ज्यांचे सांधे फार ताठ, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. योगासनांचा आदरही माझ्या मनात कमी झालेला नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं, आणि आसनं-प्राणायाम यंत्रं लावून तपासले. आपल्या परंपरेवर विश्वास असलेल्या माणसानं ती मोजायला काढली, यातून मी धीर घेतला. जे टिकेल ते ठेवायचं. सूर्यनमस्कार टिकतो, कारण त्यात दोन्ही हातांवर शरीराचा भार येतो. निव्वळ बसून दिलेला ताण सगळ्या वयांना, सगळ्या कामांना पुरेल हा दावा टिकत नाही.

प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल, दोन दिवस ताकदीचा व्यायाम. पासष्टीनंतर त्यात तीन दिवस तोल आणि ताकद. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली दिलेली ही शिफारस आहे. चालण्याचा भाग आपल्या लोकांना सांगावा लागत नाही. नर्सी नामदेवाच्या वाटेवर, पंढरीच्या वाटेवर सत्तरीच्या बाया ज्या पायांनी चालतात ते मी पाहिलं आहे. ताकदीचा भाग मात्र आपण वृद्धांच्या आणि बायांच्या वाट्याला कधी दिलाच नाही. तो तालमीतल्या पैलवानाचा मानला.

माझ्याकडे शिकलेल्या सगळ्या शिक्षकांना माझी विनंती आहे: तासाच्या सुरुवातीला मुलांना बसवून ताणू नका, पळवा, उड्या मारायला लावा, एकमेकांना ओढायला लावा, आणि मुलींना मुलांएवढाच वेळ मैदान द्या. मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांनी यंदाच्या हंगामाआधी हमालांसाठी सावली आणि विसाव्याची वेळ ठरवावी. आणि ज्यांच्या घरी आजारातून उठलेली आई किंवा वडील आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारून, हाताशी आधार ठेवून, त्यांना रोज खाटेच्या कडेवरून उठवावं आणि बसवावं. कसं करायचं ते समजलं नाही तर संध्याकाळी शाळेच्या मैदानावर या. मी तिथं असतो, आणि आई बरोबर असते.